कोरडा कागद

मॅडमचं अंग बाहेर यायला लागून तीन वर्षं झाली होती. त्यातली अडीच वर्षं त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

सुरुवातीला आंघोळीच्या वेळी हाताला काहीतरी मऊ लागलं, लिंबाएवढं. सकाळी आत, संध्याकाळपर्यंत खाली. मग ते संध्याकाळची वाटच बघेना. लघवीला बसलं की धार येईना. बोटाने तो गोळा वर ढकलला की धार सुरू व्हायची. मॅडमनी त्याची सवय करून घेतली. दरवाजा नीट लागत नसेल तर आपण तो जरा उचलून लावतो, तसंच. अठ्ठावन्नाव्या वर्षी शरीरात एखादी गोष्ट उचलून लावावी लागते, त्यात काय एवढं.

त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायच्या. एकवीस वर्षं. छोटी गाडी, छतावर पाटी, आणि शेजारच्या सीटसमोर जादा ब्रेक. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, जीव मॅडमच्या पायात. सगळं गाव त्यांना मॅडम म्हणायचं. घरी नवरासुद्धा म्हणायचा, पण त्याचा सूर वेगळा.

गुपित फोडलं नणंदेने. नणंद बावन्न वर्षांची, वजनाने भरभक्कम, आणि घरात अजून छकुली. एकदा जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "वहिनी, तू अशी अंड्यावर बसल्यासारखी काय बसतेस गं?"

"कुठे काय?"

"अर्धी खुर्चीवर, अर्धी हवेत. अंडी उबवतेयस का?"

मॅडम हसल्या आणि पुन्हा तशाच अर्ध्या टेकल्या. छकुलीने त्यांना स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि सगळं काढून घेतलं. दुसऱ्याच आठवड्यात दोघी इस्पितळात.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, "लघवीची पिशवी पुढून खाली उतरलीय. ऑपरेशन करून वर बसवू. खोकताना, शिंकताना लघवी होते का?"

"अजिबात नाही," मॅडम म्हणाल्या. त्यात थोडा तोरा होता. बरोबरीच्या बायका हसताना पाय आवळून उभ्या राहतात हे त्यांनी पाहिलं होतं. आपलं तसं नाही.

"तेच तपासायचंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बागेतला पाइप मुडपला की पाणी थांबतं ना? तुमची पिशवी खाली आल्यामुळे लघवीची नळी तशी मुडपलीय. आम्ही ती सरळ करणार. मग कळेल, नळ खरंच घट्ट आहे, की नुसत्या मुडपण्यामुळे बंद होता."

"आणि घट्ट नसला तर?"

"तर त्याच ऑपरेशनमध्ये नळीखाली एक बारीक पट्टी घालायची. आधी कळलं नाही आणि पट्टी घालायची राहिली, तर गोळा जाईल आणि गळणं सुरू होईल. मग पुन्हा टेबलावर. म्हणून तपासणी नीट झाली पाहिजे. पट्टीचंही एक आहे. काही जणींची सुरुवातीला लघवी अडते. थोडे दिवस नळी लावून घरी जावं लागतं."

एवढ्या सगळ्या बोलण्यातलं मॅडमच्या डोक्यात शेवटचंच राहिलं. नळी लावून घरी. मांडीला बांधलेली पिशवी, आणि "मॅडमला झालंय काय?" म्हणून डोकावणारे जिन्यातले सगळे शेजारी. तिथेच त्यांनी मनात ठरवलं, पट्टी नको. म्हणजे तपासणीत कोरडं राहायचं.

ऑपरेशनचा नंबर लागायला चार महिने होते. तोवर इस्पितळातल्या व्यायामवालीकडे पाठवलं. व्यायामवाली चणीने एवढीशी, पण आवाज शाळेच्या मैदानावरचा. खालचे स्नायू कसे आवळायचे, किती वेळ धरायचे, कसे सोडायचे ते तिने शिकवलं. आणि एक मंत्र दिला: "खोकायच्या आधी आवळा. शिंकायच्या आधी आवळा. काही उचलायच्या आधी आवळा."

मॅडमना शिस्त नवी नव्हती. लाल दिवा लागला की आवळायचं, हिरवा लागला की सोडायचं. शेजारी शिकणारा घाम पुसत असायचा आणि मॅडमची स्वतःची शिकवणी चालू असायची. चार महिन्यांत अशी वेळ आली की घशात खवखवलं तरी खालचं आपोआप बंद. व्यायामवाली बाकीच्या बायकांना सांगायची, "त्या मॅडमकडे बघा, नाहीतर तुम्ही!"

ऑपरेशन गुरुवारी ठरलं. तपासणी सोमवारी.

तपासणीची खोली तळमजल्यावर, क्ष-किरणांच्या पलीकडे. दारावर नुसता आकडा. आत एक खुर्ची, तिच्या बैठकीला मधोमध भोक, खाली नरसाळं, नरसाळ्याखाली भांडं, भांड्याखाली वजनाचा काटा. बाजूला स्क्रीन. भिंतीवर घड्याळ आणि हात धुण्याबद्दलचा कागद.

सिस्टर चाळिशीची. चष्मा कपाळावर. बोलणं मोजकं, पण तुटक नाही.

"भरल्या पोटाने आलात ना? म्हणजे लघवीने."

"फुटायची वेळ आलीय."

"बसा. मी बाहेर जाते. नेहमीसारखी करा."

नेहमीसारखी म्हणजे बोटाने ढकलून. मॅडमनी विचारलं, "ढकलायचं का?"

सिस्टर दारात थांबली. "बरं झालं विचारलंत. नाही. न ढकलता. जेवढी होईल तेवढी."

झाली ती थेंब थेंब, थांबून थांबून. स्क्रीनवर उंच डोंगर यायला हवा होता, तिथे छोट्या टेकड्यांची रांग आली. मग सिस्टरने नळी घालून उरलेली काढली. पावणेदोनशे मिली. "एवढी आतच राहते तुमची," ती म्हणाली आणि लिहून घेतलं.

मग खरा कार्यक्रम. एक बारीक नळी पिशवीत, एक मागच्या बाजूने. दोन्हींच्या वायरी यंत्राला. वरून सलाईन हळूहळू पिशवीत. मॅडम त्या भोकाच्या खुर्चीवर, पाय फाकून, अंगावर निळं कापड, खाली पांढरा कागद. स्क्रीनवर तीन रंगांच्या रेघा.

"पहिल्यांदा जाणवलं की सांगा."

"हं. आता."

"जावंसं वाटलं की सांगा."

"वाटतंय. पण चौकातून घरापर्यंत जाईन."

सिस्टर पहिल्यांदा हसली. "आता खोका."

मॅडम खोकल्या. सिस्टरने वाकून कागद पाहिला. कोरडा.

"आता रिंग घालून गोळा वर बसवते. म्हणजे ऑपरेशननंतर कसं होईल ते कळेल." रबराची रिंग आत गेली. थंड, पण दुखलं नाही. "खोका. अजून जोरात. अजून."

प्रत्येक वेळी सिस्टरचं "खोका" ऐकू आलं की मॅडमचं आधी खाली बंद व्हायचं, मग खोकला यायचा. क्लच दाबल्याशिवाय गिअर नाही. सिस्टरचे डोळे स्क्रीनवर. खोकला झाला की खाली वाकून कागद बघायची. पाच वेळा खोकल्या. पाचही वेळा कागद कोरडा खडखडीत.

"छान," सिस्टर म्हणाली. "गळती नाही."

मॅडमना एवढं बरं वाटलं की नळ्या निघताना त्यांनी हूं का चूं केलं नाही.

बाहेर बाकावर छकुली दोन चहा घेऊन बसली होती. स्वतःचा संपवून वहिनीचाही अर्धा केला होता.

"काय झालं?"

"पास. पट्टी नको, नळी नको, काही नको."

"एवढा मोठा गोळा आणि एक थेंब नाही? माझं तर नुसतं जांभई दिली तरी."

"कारण तू व्यायाम करत नाहीस." मॅडम चहाचा कागदी पेला हातात घेऊन टेकल्या. "सोपं आहे. ती म्हणाली खोका, की आधी आवळायचं. मग खोकायचं."

छकुलीने आपला रिकामा पेला खाली ठेवला. "म्हणजे तू कॉपी केलीस."

"कॉपी कसली? इथेच शिकवलंय! त्या शेजारच्या खोलीत!"

"अगं, पण ती सिस्टर बघत होती की आपणहून किती घट्ट आहे. तू खालून हात लावून धरलंस."

"हात नाही लावला."

"तेच ते."

"तू काय डॉक्टर आहेस? तू आपली पापड लाट."

छकुलीने तोंड फिरवलं. मॅडमनी चहाचा घोट घेतला. गार झाला होता.

त्यांच्याकडे शिकायला येणारे सगळे परीक्षेच्या दिवशी उत्तम चालवायचे. साहेब शेजारी बसलेला, आठवड्याआधीपासून ठाऊक असलेला रस्ता, ठाऊक असलेलं वळण. तिथे ब्रेक अगदी लोण्यासारखा. पास होऊन पंधरा दिवसांनी तोच माणूस दुधाच्या गाडीला जाऊन धडकायचा, कारण दुधाची गाडी "आता येते हं" असं सांगून येत नाही. मॅडम प्रत्येकाला हे ऐकवायच्या. दिवसातून सहा वेळा.

त्यांच्या गाडीत बसणारा दणकाही सांगून बसत नव्हता. शिकणाऱ्याचा पाय क्लचवरून सटकायचा, गाडी गचका खाऊन बंद पडायची. कधी मॅडमनाच ब्रेकवर उभं राहावं लागायचं. तेव्हा आधी आवळायला वेळ कुठे असतो? तीन वर्षं कोरडं राहिलं ते पाइप मुडपला होता म्हणून. गुरुवारी तो सरळ होणार.

मग दिवसाला सहा तास, त्या सीटवर.

"अहवाल गेला असेल का वर?" मॅडमनी विचारलं.

"मला काय ठाऊक. मी पापड लाटतेय."

मॅडम उठल्या.

सिस्टर टाइप करत होती. आत दुसरी बाई कपडे बदलत होती, पडद्यामागे.

"सिस्टर, एक सांगायचं राहिलं."

"बोला."

"मी खोकताना आवळत होते."

सिस्टरची बोटं थांबली. तिने कपाळावरचा चष्मा खाली घेतला, जणू मॅडम आता पहिल्यांदा नीट दिसणार होत्या. "दर वेळी?"

"दर वेळी. आधी."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्याच व्यायामवालीने. खोकायच्या आधी आवळा."

"तिने बरोबरच सांगितलंय. ते घरी. ते बाजारात. माझ्या खुर्चीवर नाही!" सिस्टरने कपाळाला हात लावला. मग तसाच खाली आणला. "चूक माझीही आहे. मी विचारायला हवं होतं. रेघांकडे बघत बसले, तुमच्याकडे नाही." तिने टाइप केलेली ओळ पुसली. मॅडमना स्क्रीनवर शब्द एकेक मागे जाताना दिसले. "तुमच्यानंतर दोघी आहेत. दोन वाजता या. तोवर पाणी प्या आणि लघवीला जायचं नाही."

"परत सगळ्या नळ्या?"

"नाही. पिशवी भरलेली हवी, रिंग हवी, आणि तुम्ही. पण एक सांगते. खरं गळलं तर गुरुवारची तारीख राहील असं नाही. पट्टीची तयारी वेगळी, यादी वेगळी."

मॅडमनी मान हलवली. गुरुवारसाठी त्यांनी सहा आठवड्यांची रजा टाकली होती, छकुलीला मुक्कामाला बोलावलं होतं, सात शिकणाऱ्यांना दुसऱ्याकडे वाटून दिलं होतं.

"या मी दोन वाजता," असं काहीतरी उलटसुलट बोलून त्या बाहेर आल्या.

दोन वाजेपर्यंत त्यांनी दीड लिटर पाणी प्यायलं. छकुली नळापासून बाकापर्यंत बाटल्या वाहत होती. "अजून एक. तुझ्या आवळण्याच्या नावाने."

"हसवू नकोस मला."

"का? हसून बघू दे की मला. फुकटात तपासणी."

पावणेदोनला मॅडम हसण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. दोन वाजता सिस्टरने पोटावर एक छोटं यंत्र फिरवलं. "साडेतीनशे. पुरे." रिंग पुन्हा आत. पायाखाली पांढरा कागद. "उभ्या राहा. पाय लांब. आता अजिबात न आवळता खोका."

मॅडम खोकल्या. कागद कोरडा.

"आवळलंत."

"नाही हो."

"आता मी तिकडेच बघत होते. मला दिसलं. परत."

परत. पुन्हा तेच. 'आवळू नका' म्हटलं की आवळण्याचीच आठवण व्हायची. चार महिने, प्रत्येक सिग्नलला. मॅडमना स्वतःचा राग आला. स्वतःच्याच अंगातला ब्रेक सुटत नव्हता. सिस्टरने फोन उचलून व्यायामवालीला विचारलं, "तुझ्या हुशार विद्यार्थिनीला हे विसरायला कसं लावू?" पलीकडून मैदानावरचा आवाज आला. तो मॅडमनाही ऐकू आला. "बोलतं करा तिला! मीही तेच करते!"

सिस्टरने फोन ठेवला. "बसा जरा. पाय अवघडले असतील." मॅडम भोकाच्या खुर्चीवर टेकल्या. सिस्टरने खाली नवा कागद सरकवला आणि स्वतः स्टूल ओढून समोर बसली. "मला गाडी शिकायचीय केव्हापासून. भीती वाटते. तुमच्याकडे सगळ्यात वाईट कोण आलं होतं?"

"वाईट? बँकेतले एक साहेब. रिटायर झालेले." मॅडमना विचार करावाच लागला नाही. "सगळं पाठ. गिअरची अख्खी माहिती तोंडावर. मी म्हटलं, साहेब, तुम्हीच मला शिकवा. पहिले आठ दिवस छान. नवव्या दिवशी बाजाराच्या वळणावर समोर कुत्रं आलं. लांब होतं हो! पार त्या खिडकीएवढं लांब. साहेबांनी काय करावं?"

"ब्रेक मारला?"

"नाही. दोन्ही हात सोडले आणि डोळे झाकून घेतले! असे!" मॅडमनी स्वतःच्या चेहऱ्यावर दोन्ही तळवे दाबले. "गाडी आपली चाललीय, कुत्रं बघतंय, साहेब आत अंधारात. मी ओरडले, साहेब! आणि हा असा—"

मॅडमचा पाय फरशीवर आदळला.

खाली कागदावर टपटप आवाज झाला. मग थांबला.

मॅडमचे हात अजून चेहऱ्याशीच होते. त्यांनी ते हळूच खाली घेतले.

"लगेच थांबलं ना?" सिस्टरने विचारलं. तिचा आवाज सकाळसारखाच, मोजका.

"हो."

"त्याआधी जोराची लागली होती? पिशवी आपणहून पिळल्यासारखी वाटली?"

"नाही. पाय आपटला तेव्हाच."

"पुन्हा आपटा. कुत्रं आलंय असं समजा."

मॅडमनी पुन्हा आपटला. पुन्हा टपटप. तिसऱ्यांदाही. सिस्टरने कागद काढून काट्यावर ठेवला, आकडा लिहिला, नवा कागद टाकला. "झालं. आता इथेच मोकळ्या व्हा बाई. रिंग तशीच ठेवा, बघू धार कशी येते."

धार आली. मोठी, एकसंध, न ढकलता. तीन वर्षांत अशी आली नव्हती. बाजूच्या स्क्रीनवर डोंगर उमटला आणि सिस्टरने पडद्यापलीकडून आवाज दिला, "बघितलंत? रस्ता सरळ झाला की असं येतं." मॅडम खुर्चीवर बसून धारेचा आवाज ऐकत राहिल्या. नंतर सिस्टरने यंत्र फिरवून पाहिलं. वीस मिली उरली होती. "हे चांगलं आहे," तिने सांगितलं. "पिशवीत जोर आहे. पट्टी घातली तरी लघवी अडायची भीती तुम्हाला कमी. नाहीच असं मी म्हणत नाही. डॉक्टरना विचारा."

चार वाजता दोघी डॉक्टरीणबाईंसमोर. त्यांनी अहवाल दोनदा वाचला.

"सकाळी कोरडं आणि दुपारी ओलं?"

"सकाळी मी आवळत होते," मॅडम म्हणाल्या.

"तिला शाबासकीची सवय आहे," छकुली म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला. "हे नंतर कळलं असतं तर तुम्ही माझ्याच नावाने बोटं मोडली असती. आता दोन रस्ते आहेत. एक, गुरुवारी नुसतं वर बसवायचं, आणि पट्टीचं पुढे बघायचं. काही जणींना पुढे लागत नाही. पण तुमचं काम बघता लागेल असं मला वाटतं. दोन, दोन्ही एकदम. त्याला तारीख पुढच्या महिन्याच्या अकराची. नळी लावून जायची वेळ येऊ शकते. दहातल्या एखादीला येते, बहुतेक आठवडाभर."

मॅडमनी हिशेब केला नाही. तो सकाळपासूनच डोक्यात चालू होता आणि आता पुरा झाला होता. "आठवडाभर मांडीला पिशवी," त्या म्हणाल्या, "की रोज सहा तास सीट ओली."

"असंच काहीसं."

"अकरा तारीख लिहा."

छकुलीने पिशवीतून फोन काढला. "दादाला सांगते. तो विचारेल का म्हणून."

"सांग, पट्टी घालायचीय. कुठे ते विचारलं तर कुठे तेही सांग."

"जिन्यातल्यांना?"

"त्यांनाही. मला दमायला झालंय लपवून."

डॉक्टरीणबाई अर्ज भरत होत्या. मॅडमनी सही केली, तारीख पुन्हा एकदा वाचून पाहिली, आणि उठता उठता परत बसल्या. या वेळी पूर्ण खुर्चीवर. रिंग अजून आतच होती.

"डॉक्टर, ऑपरेशननंतर गाडी कधी?"

"सहा आठवड्यांनी चालवा."

"चालवायचं नाही विचारत. शेजारी बसायचं कधी?"

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. "त्यात फरक काय?"

"चालवणाऱ्याला कळतं आता दणका बसणार. शेजारच्याला नाही कळत."

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. मग अर्जावर रजेच्या आठवड्यांपुढचं सहा खोडलं आणि दहा लिहिलं.